किल्लीच्या बाजूला

लहान मूल भेटलं की शेजारच्या नोरा आधी विचारायच्या, "तुला घरी काय म्हणतात?" शाळेतलं नाव सांगितलं तर मान हलवायच्या. "ते नको. घरचं सांग." आयर्लंडमधल्या ओंगारमध्ये आमच्या घरांच्या रांगेत पोलिश, मल्याळी, नायजेरियन, आयरिश अशी सगळी मुलं होती आणि प्रत्येकाचं घरचं नाव नोरांना पाठ होतं. "तुझी चिमी सायकलवरून पडली. रडली नाही, शिव्या दिल्या," असं त्या मला कुंपणावरून सांगत.

इथे ऐंशीच्या बाईलाही नावानेच हाक मारतात. मला ते जमायला वर्ष लागलं. मनातल्या मनात त्या माझ्यासाठी 'त्या'च राहिल्या.

चिमीच्या बारशाला नणंदेचा व्हिसा वेळेत झाला नाही. सासूबाई अकोल्याहून आलेल्या होत्या. छताला हूक नव्हता, म्हणून दोन खुर्च्यांना साडी बांधून पाळणा केला होता. कानात नाव कोणी सांगायचं, असा प्रश्न आला. सासूबाई म्हणाल्या, "आत्या नाही आली त का झालं? नोराबाई घेतीन नाव. पोरीले आजीवानीच त आहेत."

मी नोरांना सगळं समजावून सांगितलं. त्यांनी दोन्ही हात पाठीमागे नेले.

"नको," त्या म्हणाल्या. "मी पुष्कळ मुलांना नावं दिली आहेत."

मी भाषांतर केलं. सासूबाई खूश झाल्या. "मंग त सवयच हाय त्यायले!"

नोरा न जेवता घरी गेल्या. दुसऱ्या दिवशी सफरचंदाचा टार्ट घेऊन आल्या, स्वयंपाकघरात बसल्या आणि सांगितलं. आवाज वर-खाली झाला नाही.

एकविसाव्या वर्षी त्या नन म्हणून ऑस्ट्रेलियात गेल्या होत्या. तिथल्या मूळ रहिवाशांची मुलं, विशेषतः ज्यांचे वडील गोरे होते अशी, सरकार आईकडून काढून मिशनमध्ये आणून ठेवायचं. नोरांकडे मुलींची खोली होती. मूल आलं की अंघोळ, केस कापणं, नवा फ्रॉक आणि नवं नाव. ज्या दिवशी मूल आलं त्या दिवसाच्या संताचं नाव द्यायचं, म्हणजे विचार करावा लागत नसे. "एकाच दिवशी दोन मार्गारेट झाल्या, तर दुसरीला पेग केलं, मार्गारेटचंच छोटं रूप," नोरा म्हणाल्या. मग कपाकडे बघत म्हणाल्या, "मी दुष्ट नव्हते गं. आज्ञाधारक होते. दुष्ट माणूस निदान कधीतरी थकतो."

पस्तिसाव्या वर्षी त्यांनी ते व्रत सोडलं आणि आयर्लंडला परत येऊन लाँड्रीच्या दुकानात काम केलं. लग्न केलं नाही. टीव्हीवर इथल्या आई-मुलांच्या आश्रमांच्या बातम्या लागल्या, कुमारी मातांची मुलं कशी काढून घेतली ते आलं, की शेजारणी त्यांच्याकडे हळुवारपणे बघत. एकटी म्हातारी बाई, हिचंही काहीतरी गेलं असेल. एकदा त्या मला म्हणाल्या, "बघ कशा बघतात. मी किल्लीच्या बाजूला होते."

एरवी तब्येत विचारली की "ग्रँड", म्हणजे इथलं 'एकदम मस्त'. गुडघा सुजला तरी ग्रँड, डॉक्टरांनी हृदयाचं सांगितलं तरी ग्रँड.

गेल्या वर्षी त्यांना एक पत्र आलं. हरवलेल्या कुटुंबांचा शोध घेणाऱ्या तिथल्या एका संस्थेमार्फत पेगने लिहिलं होतं. ती आता आजी होती. तिला दोन गोष्टी हव्या होत्या. मिशनमध्ये आणलं तेव्हा ती कोणत्या नावाला ओ देत होती? आणि तिच्या कागदावर 'आई-वडील अज्ञात' लिहिलंय, ते खरं आहे का?

नोरांचा हात थरथरायचा, म्हणून मी लॅपटॉप घेऊन बसले. पहिल्या दिवशी त्यांनी सांगितलेलं पत्र छान होतं. तुम्हाला दोन वेळ खायला मिळायचं, तुम्ही गोड गायचात, आम्ही सगळ्यांवर माया केली. मी टाइप केलं. वाचून दाखवलं. घरी येऊन भात लावला.

चार दिवसांनी त्यांनी बोलावलं. "ते पुसून टाक. ते पत्र मी मला लिहिलं होतं."

दुसरं पत्र दीड पानाचं झालं. त्यात पेगचं घरचं नाव होतं. ते त्यांनी एका दमात सांगितलं, साठ वर्षं तोंडात धरून ठेवल्यासारखं. आई दर रविवारी कुंपणाशी येऊन त्या नावाने हाक मारायची. त्या वेळी पेगला मागच्या खोलीत न्यायचं काम नोरांचं होतं. 'अज्ञात' हा शब्द त्यांच्याच अक्षरातला होता. "माफ करा असं लिहू का?" मी विचारलं. "नको," त्या म्हणाल्या. "तिने ते मागितलेलं नाही."

उत्तर नोव्हेंबरात आलं. तोवर नोरांचं जिने चढणं बंद झालं होतं. पलंग खाली बैठकीत आणला होता. मी लिफाफा हातात दिला. त्यांनी तिकिटावरचा पक्षी पाहिला आणि परत दिला.

"ड्रॉवरमध्ये ठेव."

"वाचून दाखवू?"

"तिने माफ केलं असेल, तर ते ऐकायचा मला हक्क नाही. केलं नसेल, तर ते मला माहीतच आहे."

मला ते बरोबर वाटलं. थोर वाटलं, हेही लिहायला हवं. मी ड्रॉवर लावला.

फेब्रुवारीत त्या गेल्या. इथल्या रीतीप्रमाणे त्यांना दोन दिवस घरीच ठेवलं होतं. शेजारी सँडविच घेऊन आले, चहा होत राहिला. मी कप विसळत होते. शॅननहून आलेला पुतण्या ब्रेंडन आवराआवर करत होता. त्याने लिफाफा माझ्यापुढे धरला. "हे तुमच्याकडे असू द्या. तुम्हीच लिहीत होतात ना तिची पत्रं?"

मी तिथेच, सिंकपाशी, उघडलं. सहा ओळी होत्या. माफी नव्हती, रागही नव्हता. नावाबद्दल एक वाक्य होतं: नातीने ते मोठ्याने वाचलं. मग प्रश्न होता. आई कुंपणापासून परत निघायची, तेव्हा नदीकडे जायची की टेकड्यांकडे? त्यावरून आमची माणसं कोणती ते कळेल. माझी तब्येत बरी नसते, लवकर कळवाल का?

घरी येऊन मी लॅपटॉपवर आमचं पत्र काढलं. त्यात नोरांचंच वाक्य होतं: तुमची आई परत जाताना मला खिडकीतून बराच वेळ दिसत राहायची, सपाट रान होतं. कोणत्या बाजूला, हे मी टाइप करताना विचारलं नव्हतं.

तारीख पाहिली. पत्र अकरा आठवडे ड्रॉवरमध्ये होतं. त्यातले निदान नऊ आठवडे नोरा नीट बोलत होत्या.

मिलिंद म्हणाला, "नोरा गेल्या, एवढंच कळव. पत्र उघडलं नाही हे कशाला? बाईला अजून त्रास." नवऱ्याचं म्हणणं समजुतीचं होतं. मी तरीही लिहिलं. पत्र आलं, त्यांनी उघडलं नाही, मीही उघडलं नाही, त्यांना उत्तर माहीत असणार.

मग ब्रेंडनला फोन करून विचारलं, त्या मिशनमधलं त्यांच्याबरोबरचं कुणी आहे का. दोन नावं मिळाली. एक बाई गेल्या होत्या. दुसऱ्या गॉलवेकडे एका नर्सिंग होममध्ये होत्या, ब्याण्णव वर्षांच्या. नर्सने फोन त्यांच्या कानाला लावला. मी सावकाश सांगितलं: पेग, तिची आई, रविवार, कुंपण, नदी की टेकड्या.

आवाज खणखणीत होता.

"कुंपण?" त्या म्हणाल्या. "तिथे कुंपण नव्हतं, पोरी. मुलं मजेत होती."