चपला कोणाच्या दारात

मानसोपचाराच्या दवाखान्यात किस्से जमवावे लागत नाहीत, ते चालत येतात. लातूरला डॉक्टरसाहेबांकडे समुपदेशक म्हणून लागले तेव्हा वाटलं होतं, इथं लोक रडायलाच येत असतील. येतात, पण सोबत घरचेही येतात ना! त्यांचं ऐकून हसावं की कुणाला तरी झोडपून काढावं, हे मला कळत नसे. आताशा झोडपावंसंच वाटतं. नावं बदलून सांगते.

*

आमच्या शेजारी दातांचा दवाखाना आहे. आमचे निम्मे पेशंट त्याच्या दारात चपला काढतात आणि अनवाणी आमच्याकडे सटकतात. कुणी ओळखीचं भेटलंच, तर 'दाढ दुखायलीय' म्हणायला पुरावा तयार. एकदा ते दातांचे डॉक्टर वैतागून आले.

"मॅडम, माझ्या दारात वीस जोड अन् आत पेशंट दोन. लोक मला लई मोठा डॉक्टर समजायलेत."

*

शोभाताईही चपला शेजारीच काढून आल्या. निलंग्याकडच्या, चाळिशीच्या आसपासच्या. महिना महिना अंथरूण सोडत नव्हत्या. डॉक्टरसाहेबांनी डिप्रेशनच्या गोळ्या सुरू करून त्यांना माझ्याकडे पाठवलं. सोबत नवरा, दत्ताराव.

"शोभाताई, झोप लागते का?"

"लई झोपती," दत्ताराव म्हणाले.

"भूक?"

"दोन येळा खाती की."

"मनात काय येतं?"

"तिच्या मनात काय येणार? कायबी न्हाई. नुसता आळस हाय."

मी म्हटलं, "मग गोळ्यापण तुम्हीच घेत जा."

शोभाताईंच्या ओठांचा कोपरा जरासा हलला. दत्तारावांना मी बाहेर बसवलं.

*

ते गेले आणि मी दाराला आतून कडी घातली. आतलं बोलणं आतच राहावं म्हणून. शोभाताई ताडकन उठल्या. अंगाला घाम, श्वास घेता येईना.

"दार उघडा. आधी दार उघडा."

लहानपणी भूकंपात त्या घराच्या ढिगाऱ्याखाली अडकून होत्या, हे मला त्यानंतर कळलं. दार लावण्याआधी एकदा विचारायला माझं काय जात होतं? आघात सोसलेल्या माणसाला आधी सुरक्षित वाटू द्यायचं असतं. हे शिकल्याचं माझं सर्टिफिकेट त्याच भिंतीवर लटकत होतं, चांगलं फ्रेम करून!

तेव्हापासून त्यांची खुर्ची उघड्या दारापाशी. बोलायचं त्यांना वाटेल तेव्हा, वाटेल तेवढंच. थांबायचंही त्यांनीच. तिसऱ्या महिन्यात त्यांनी पहिल्यांदा बहिणीचं नाव घेतलं. ती त्याच ढिगाऱ्याखाली होती आणि जिवंत निघाली नाही.

*

दर गुरुवारी डॉक्टरसाहेब आणि मी नांदेडला पेशंट बघायला जातो. तिथं देगलूरचे एक गुरुजी मुलीला घेऊन आले. मेडिकलच्या प्रवेश परीक्षेची तयारी चाललेली, पोरगी धड जेवत नव्हती.

"मॅडम, डिप्रेशनचं परीक्षेनंतर बघू. आता फक्त अभ्यासापुरतं बरं करा."

"आणि जेवायचं?"

गुरुजींनी थोडा विचार केला. "तेबी नंतर."

*

मग शोभाताईंच्या गावच्या सरपंचांचा फोन आला. नंबर दत्तारावांनी दिलेला. गावात दरसाल भूकंपाच्या स्मरणदिनी शोभाताईंचा सत्कार करतात. शाल, नारळ, आणि मग हातात माइक. "सांग बाई, कशी वाचलीस." दरसाल त्या सांगतात, लोक टाळ्या वाजवतात आणि त्या घरी जाऊन महिनाभर अंथरूण धरतात. इतक्या वर्षांत या दोन गोष्टी कुणी जोडून पाहिल्या नव्हत्या.

"मॅडम, कार्यक्रमाच्या आत तिला बोलती करा. मोठे पुढारी यायलेत. लोकांना प्रेरणा मिळती."

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "दरसाल तिची जखम उकरायची आणि वर नारळ द्यायचा? तिला विचारलंत का कधी?"

"विचारायचं काय त्यात? सत्कारच हाय."

शेवटी मीच शोभाताईंना विचारलं, जायचं आहे का.

"असं आजवर कुणी इचारलंच न्हाई."

दोन आठवड्यांनी म्हणाल्या, "जाते. पण खुर्ची वाटेजवळ पाहिजे. अन् तुम्ही या."

*

मी मंडपात मागे बसले होते. शाल झाली, नारळ झाला. सरपंचांनी माइक दिला. "सांग बाई, कशी वाचलीस."

शोभाताई म्हणाल्या, "ते मी लातूरला मनाच्या डॉक्टरकडं सांगायलेय. इथं न्हाई सांगणार."

दत्तारावांनी गावाला सांगितलेलं होतं, बाईंचं दाताचं काम चालू आहे. दत्ताराव उठून उभे राहिले. सरपंच माइक घ्यायला पुढे झाले, पण शोभाताईंनी तो सोडला नाही.

"अजून कुणाला यायचं असंल तर या. दाताच्या दवाखान्याशेजारी हाय. चपला तिकडं काढू नका. आमच्याच दारात काढा."