शेवंता झाली, चंद्रा झाली, गजराक्का राहिली

आमचे मामा आज सकाळी गेले आणि माझा त्यांच्यावरचा राग अजून गेलेला नाही.

तुम्हाला ते कादंबरीकार म्हणून माहीत. थोड्यांना पटकथाकार म्हणून. थोड्यांनाच, कारण टायटल्स संपेपर्यंत पब्लिक बाहेर तिकिटांच्या रांगेतच असायचं.

शेवटची वीस वर्षं ते काय करत होते, हे अख्ख्या साताऱ्यात मला एकटीला माहीत. टायपिंग माझ्या गळ्यात होतं ना!

बेचाळीस-त्रेचाळीसला आपल्या भागात ज्या बायकांनी भूमिगतांना लपवलं, त्यांचा शोध. टेपरेकॉर्डर, एसटी आणि एक नियम. दोघांनी आपापलं, वेगवेगळ्या ठिकाणी, तेच सांगितल्याशिवाय नाव छापायचं नाही.

या नियमानं माझं डोकं उठवलं.

वडूजजवळच्या एका गावातल्या गजराक्का. नव्या नवरीच्या वयात त्यांनी एका भूमिगताला जमिनीखालच्या बळदात लपवलं, जिथं धान्य ठेवतात तिथं. पोलीस दारात आले तेव्हा बळदाच्या तोंडावर जातं ओढलं आणि दळत बसल्या.

घरात दाणा नव्हता. रिकामंच जातं फिरवलं.

मामांनी ही गोष्ट आधी कादंबरीत घातली. मग सिनेमात. दोन्हीकडे बाईचं नाव भलतंच.

माझ्यासमोर आक्का म्हणाल्या होत्या, "कादंबरीत शेवंता केलीस, शिनेमात चंद्रा केलीस. आता तरी गजरा लिव की रं. मी जित्ती हाय तवर."

संशोधनाच्या पुस्तकात मामांनी काय लिहिलं?

'एक वृद्ध महिला.'

का? दुसरा साक्षीदार नाही!

मागच्या महिन्यात जुन्या कॅसेट टाइप करताना मी ताडकन उठले. माधवनगरच्या मिलमधले रिटायर बाबूभाई सांगत होते, "मी खाली, बाई वर. जात्याचा आवाज लय मोकळा. दाणाच न्हाई त्यात. बाईचं नाव? इचारायचं न्हाई, आपलं सांगायचं न्हाई, असा नेम हुता."

दोन्ही कॅसेट एकाच कपाटात. अकरा वर्षं!

मी ओरडले, "मामा, हाच की तुमचा दुसरा साक्षीदार!"

"ते तुला जुळलं. मला कुठं जुळलंय?"

आठवडाभर मी त्यांच्याशी बोलले नाही. तो आठवडा आता मला परत कोण देणार?

आज आधार कार्ड शोधताना उशीखाली प्रुफं सापडली.

'एक वृद्ध महिला' लाल पेननं खोडलेलं. वर लिहिलंय, 'गजराबाई'. पुढं गाव, सासर, माहेर, सगळं.

समासात: 'माधवनगरला जाऊन बाबूभाईंना पुन्हा विचारलं. गाव, घर, बळद, सगळं जुळलं. बाई हीच. भाचीचं बरोबर होतं.'

म्हणजे डोळे तपासायला जातो म्हणून गेले, ते तिकडे! धड जिना चढवत नव्हता आणि एसटीनं माधवनगर.

आणि माझं बरोबर होतं, हे तोंडानं सांगायला काय झालं होतं हो?

दुपारी आक्कांना फोन लावला. नातसुनेनं त्यांच्या कानाला धरला. मामा गेले म्हटलं.

आक्कांनी फोन स्वतःच्या हातात घेतला.

मग, "नाव लिवलं का त्यानं माजं?"

"लिहिलं, आक्का. स्वतःच्या हातानं."

"मग जाऊ दे त्याला."

ऐकलंत ना मामा? परवानगी मिळाली.

या आता. प्रुफं मी बघते.