अध्यक्षांचं दोन पानी मनोगत

लीलाधर सर आमच्या कॉलेजात अकरा वर्षं तासिका तत्त्वावर मराठी शिकवतात. जूनमध्ये अध्यक्षांची सही झाली की वर्षाची भाकरी पक्की. म्हणून सर पाठीचा कणा घरीच खुंटीला टांगून येतात. वार्षिक अंक त्यांच्याच गळ्यात. पोरांच्या मागे लागून कविता गोळा करायच्या, जळगावच्या छापखान्यात बसून मुद्रितं तपासायची, आणि अध्यक्ष भाऊसाहेबांचं दोन पानी मनोगत लिहायचं. भाऊसाहेब ते पहिल्यांदा वाचतात प्रकाशनाच्या दिवशी, थेट माईकवर.

यंदा ऐन छपाईच्या तोंडावर संचालकांचे आणखी फोटो आले.

"सुलक्षणाचा लेख काढा, सर. जागा नाही," प्राचार्य म्हणाले.

जागेचं निमित्त. टीवायच्या सुलक्षणानं आपल्या आईवर अहिराणीत लिहिलं होतं. आई दालमिलमध्ये कामाला, आणि मिल भाऊसाहेबांची.

"हो, सर," म्हणून लीलाधर सर छापखान्यात गेले. काढण्याआधी लेख पुन्हा वाचला, अन् अंगात काय वारं शिरलं कोण जाणे, मनोगताचंच दुसरं पान उडवलं. लेख तिथून सुरू केला. अंक वाचतो कोण? जो तो आपला फोटो बघतो.

प्रकाशनाला भाऊसाहेबांनी पहिलं पान वाचलं आणि सवयीनं, मथळा न बघता, शेजारच्या पानावर उतरले.

"मन्ही माय सकायमां मिलमां जास. सांजले येस तवय दाळनी भुकटीवरी तिना केस पांढरा व्हयेल ऱ्हातस. माले वाटे, माय रोज म्हातारी व्हस, नि आंग धोईसन परत तरनी व्हस."

टाळ्यांचा कडकडाट झाला. भाऊसाहेबांच्या मातोश्रींनी मिल पाहिली ती मोटारीच्या काचेतून, तरी भाऊसाहेबांनी रुमाल काढून डोळे टिपले. टाळ्यांच्या भरात त्यांनी पान उलटलं.

"मिलमां बाया साठ. संडास एक बी नही. मालकले सांगं, तं मालक म्हने..."

भाऊसाहेब थांबले.

तिसऱ्या रांगेत सुलक्षणा उभी राहिली. "वाचा ना भाऊसाहेब! मालक काय म्हने, ते बी वाचा!"

प्राचार्य दातओठ खात खुणावत होते : माईक बंद करा, बंद करा! माईकचं यंत्र लीलाधर सरांच्या हाताशीच होतं. सरांनी कपाळ पुसलं, बटणाला हात घातला आणि आवाज आणखी वाढवला.