आयतं डोकं

"अरे ह्याला बसवा! ह्याचं डोकं आयतंच हाय! वस्तऱ्याला पण मेहनत नको!"

दिलीपशेठ ओरडत होता. काळू नदीच्या काठावर, टोकावड्याच्या खालच्या अंगाला, स्वतःच्या बापाच्या दहाव्याला. पाटावर बसून डोकं भादरून घ्यायचं होतं त्यानं. आणि बोट दाखवत होता माझ्याकडं. त्याच्या डोक्यावर टोपी, टोपीवर छत्री, आणि छत्रीचा दांडा माझ्या हातात.

भावकी हसली. सुतकातली माणसं. दहा दिवस अळणी खाल्लेली, डोळे सुजलेली. तरी हसली. आधी एक जण खुसखुसला, मग दुसरा, आणि मग असा हशा उठला की पलीकडच्या तीरावर पाण्यात बसलेल्या म्हशी उठून उभ्या राहिल्या. मी वाढवून सांगतो असं लोक म्हणतात. बरं, सगळ्या नाही, दोनच उठल्या. पण उठल्या.

महादू न्हावी वस्तरा धरून बसला होता. तो तेवढा हसला नाही. त्याचं गिऱ्हाईकच ठरत नव्हतं.

दिलीप माझा चुलत भाऊ. दोन वर्षांनी मोठा. मी त्याच्या गाडीवर ड्रायव्हर. पहिल्याच दिवशी त्यानं सांगितलं होतं, "गिऱ्हाइकासमोर दादा-बिदा नको. शेठ म्हण. आनि तुमी म्हण." गिऱ्हाईक नसतानाही मी तुमीच म्हणायला लागलो. सोपं पडतं. जीभ एकदा वाकली की सारखी सरळ कोण करत बसणार?

आमच्यात टक्कल आज्यापासून. आजा असा टकला होता की उन्हात त्याच्या डोक्याकडं बघून कावळे वाट चुकायचे. त्याच्या दोन पोरांची वाटणी झाली. रस्त्याकडची जमीन थोरल्याला, म्हणजे दिलीपच्या बापाला, आमच्या तात्यांना. ओढ्याकडची माझ्या बापाला. भांडणं झाली, बोलणं बंद झालं, पुन्हा सुरू झालं. टक्कल तेवढं न भांडता दोन्ही घरांत सारखं वाटलं गेलं. पुढं रस्ता रुंद झाला, मुंबईची माणसं फार्महाऊस शोधत आली, तात्यांच्या जमिनीचे प्लॉट पडले आणि दिलीपचा दिलीपशेठ झाला. ओढ्याकडं कोण येतं? खेकडे येतात.

तरी मला एक समाधान होतं. गाडीच्या आरशात मागं बघितलं की शेठचं टक्कल दिसायचं. अगदी माझ्यासारखं. तेच कपाळ, कानांच्या वर तीच केसांची झालर. मागची सीट त्याची, गळ्यातली चेन त्याची, एसीचं तोंडही त्याच्याकडं फिरवलेलं. पण टक्कल दोघांचं. लाल सिग्नलला मी आरशात बघून घ्यायचो. बरं वाटायचं.

मग एके दिवशी तो म्हणाला, "उद्या ठाण्याला जायचंय. केस लावायला."

माझ्या पोटात जे झालं त्याला जळणं हा शब्द कमी पडतो. भाताच्या रोपांसाठी शेतात राब भाजताना धूर निघतो ना, तसा माझ्या कानांतून निघाला असणार. कारण शेठनं काच खाली केली.

मी काय कमी केलं होतं? सव्विसाव्या वर्षापासून झगडत होतो. कांद्याचा रस लावला. केस आले नाहीत, पण भेळवाल्यानं दोनदा हाक मारली. माळशेजच्या पायथ्याच्या एका म्हाताऱ्यानं दिलेला पाला वाटून लावला. डोकं हिरवं झालं आणि आमची शेळी आठवडाभर माझ्या मागं फिरली. शेवटी मुरबाडच्या दुकानातून एक बाटली आणली. काळा भुसा असतो तिच्यात. भाजीवर मीठ भुरभुरावं तसा टकलावर भुरभुरायचा. उरल्यासुरल्या केसांना धरून बसतो, लांबून रान दाट दिसतं.

ते रान घेऊन मी वैशाखऱ्याला मुलगी बघायला गेलो. मे महिना. पोह्यांची बशी हातात आली आणि लाईट गेली. पंखा थांबला. घामाचा पहिला ओघळ कानामागून गळ्यात उतरला तो काळाच. मग दुसरा. मग कपाळावरून तिसरा, सरळ पोह्यांत. समोर मुलीची आजी. ती आतल्या बायांना हाक मारून म्हणाली, "बघा गो, पोराचा रंग जातोय!"

स्थळ मोडलं. दिलीप मोठा भाऊ म्हणून सोबत आलेला. पुढं एकाही हळदीत त्यानं ती गोष्ट सांगायची सोडली नाही. त्या आजीचा आवाज काढून सांगायचा. मीही हसायचो. ड्रायव्हरनं हसायचं असतं.

तर तो ठाण्याला सकाळी आत गेला आणि संध्याकाळी बाहेर आला. मी दिवसभर पार्किंगमध्ये. बाहेर आला तेव्हा डोकं लालभडक आणि त्यावर बारीक ठिपके, ओळीनं. मी भातशेतीवाल्याचा पोरगा, मला लगेच कळलं. आवणी! मागच्या राबातली रोपं उपटून पुढच्या खाचरात लावलेली. एक काडी वाकडी नाही. माझ्या आईनं जन्मभर कंबर मोडून आवणी केली, पण इतकी सरळ ओळ तिलाही कधी जमली नाही.

डॉक्टरनं सांगितलं होतं, धक्का लागता कामा नये. कल्याण सोडल्यावर मी गाडी अशी आणली की एक बैलगाडी आम्हाला ओलांडून गेली. डावीकडच्या बैलानं वळून बघितलं.

आणि घरी आल्यावर फवारा. दर अर्ध्या तासाला मिठाच्या पाण्याचा फवारा मारायचा, रोपं सुकू द्यायची नाहीत. पंप माझ्या हातात. शेठ खुर्चीत डोळे मिटून, मी मागं उभा. फुस. फुस. माझ्या टकलावरनं घाम गळतोय, त्याच्या टकलावर पाणी पडतंय. दुसऱ्याच्या खाचराला पाणी धरणारा गडी असतो, तो मी. कुठली काडी धरली, कुठली सुकली, हे त्याच्यापेक्षा मला जास्त माहीत. डाव्या बाजूची एक काडी गळून पडली तेव्हा, खोटं कशाला सांगू, त्या दिवशी मी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या. मनात म्हणायचो, करपा पडो. खोडकिडा लागो. रानडुकरं घुसोत. आणि हातानं फुस, फुस.

एवढी एकच गोष्ट आमच्या दोघांत सारखी राहिली होती. तीही त्यानं विकत घेऊन मोडली. ह्याचीच आग होती.

ह्याच दिवसांत आतल्या खोलीत तात्या संपत आले होते. त्यांना माणसं ओळखू येत नव्हती. मला ते "दिल्या" म्हणून हाक मारायचे. मी ओ द्यायचो. त्यांना कुशीवर वळवायचं, पेज भरवायची, धुवायचं, पुसायचं, हे काकी आणि मी. शेठला वाकायची बंदी होती. वाकलं की डोक्यात रक्त उतरतं, असं डॉक्टर म्हणालेला. खरं असेल. पण त्याआधीची दोन वर्षं कुठल्या डॉक्टरनं बंदी घातली होती, ते मला माहीत नाही.

आवणीच्या बाराव्या दिवशी तात्या गेले. अग्नी शेठनं दिला. डोक्यावर दवाखान्यातली सैल टोपी, खांद्यावर मडकं, समोर व्हिडिओ काढणारा. केसांचं कुणी विचारलं तर म्हणाला, "दहाव्याला काढतो."

आणि दहाव्याला त्यानं बोट दाखवलं. अग्नी त्याचा, वस्तरा माझा.

"बस रे पोरा," गोमाआबा म्हणाले. भावकीतले सगळ्यांत जुने, त्यांचा शब्द शेवटचा. "पुतण्या म्हंजे पोरगाच. शास्त्राला चालतं. आनि तुझं असं काय जातंय? दोन मिन्टाचं काम."

पुन्हा हशा.

एक सांगतो. मला विचारलं असतं तर मी बसलो असतो. "तात्यांचं सगळं तू केलंस, एवढंही कर," असं तो घरी येऊन बोलला असता, तर मी डोकंच काय, भुवयाही काढून दिल्या असत्या. तात्यांच्या हाकेला मी ओ दिलेली होती. पण त्यानं विचारलं नाही. अंगणातलं घमेलं उचलावं तसं माझं डोकं उचललं. जवळ पडलंय, कामाचं आहे, आणा इकडं.

आणि माझं काय झालं, तर सांगायला लाज वाटते. माझे हात छत्री मिटायला लागले होते. पाय पाटाकडं निघालेसुद्धा होते. मला न विचारता. इतकी सवय.

मी पाटाशी वाकलो तसा महादूनं ओला हात माझ्या मागच्या झालरीवर फिरवला आणि वर न बघता विचारलं, "मिशी पण?"

"मिशी पण," गोमाआबा म्हणाले. "शास्त्र हाय."

तिथं मी थांबलो.

चार वर्षांमागं माझा बाप गेला तेव्हा ह्याच काठावर मी बसलो होतो. हाच महादू, हेच गोमाआबा. महिन्यावर एक बघणी ठरलेली. वैशाखऱ्यानंतर कशीबशी जुळून आलेली. मी आबांच्या पायावर हात ठेवून म्हटलं होतं, झालर आणि मिशी एवढी राहू द्या, तो भुसा धरायला काहीतरी लागतं. आबा म्हणाले, शास्त्र हाय. आणि माझ्या पाठीमागं उभा असलेला दिलीप सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला होता, "बापापेक्षा केस मोठे का रे?" मी मान खाली घातली होती. सगळं काढलं. ती बघणी झालीच नाही.

मी सरळ झालो. छत्री पुरती मिटली. दिलीपच्या हातात दिली. उन्हाची एक तिरीप त्याच्या टोपीवर पडली.

"बापापेक्षा केस मोठे का रे?" मी म्हणालो.

ओरडलो नाही. पण हशा कापल्यासारखा थांबला.

"काय बोल्लास?"

"तूच बोल्ला होतास. हितंच. अग्नी तू दिलास ना? मग डोकं पण तूच दे."

त्याचा हात टोपीवर गेला. दोन्ही हात गेले. छत्री पडली. बाप गेल्यावर दहा दिवसांत जे डोळे कोरडे होते ते आता भरले. त्यानं खिशातून डॉक्टरचा कागद काढला. प्लास्टिकच्या पिशवीत नीट घडी घालून ठेवलेला. म्हणजे येतानाच घेऊन आलेला. "वस्तरा लावायला बंदी हाय, आबा. लिवलंय हितं. सगळं वाया जाईल."

मी संत नाही. मला तो कागद फाडायचा होता. महादूचा वस्तरा त्या आवणीतून आडवा जाताना मला बघायचा होता. एकेक काडी नदीत वाहत जाताना मोजायची होती. माझ्या नकारात अर्धी जळण होती, हे मी कुणाहीसमोर कबूल करीन. पण तीच जळण इतकी वर्षं मला आरशात बघायला लावत होती. त्या दिवशी तिनं मला पहिल्यांदा उभं केलं.

गोमाआबांनी कागद उलटा धरून वाचला. मग भटजींकडं बघितलं. भटजींनी नदीकडं बघितलं.

"कानामागचे चार केस कात्रीनं घे, महादू," आबा म्हणाले. "शेवटी भाव महत्त्वाचा."

कच्. झालं. माझ्या बापाच्या वेळी जे शास्त्र एका मिशीएवढंही हललं नाही, ते एक कागद बघून आडवं झालं, कुशीवर वळलं आणि घोरायला लागलं. कावळा शिवला का? शिवला. लगेच. त्याला भात दिसतो.

मी जिंकलो वगैरे काही नाही. भावकीत आता मी सुतकात तमाशा करणारा. काकींनी तोंड फिरवलं. आई घरी आल्यावर म्हणाली, "तात्यासाठी तरी बसायचास."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी महादूच्या दुकानात गेलो. खुर्चीत बसलो. "सगळं काढ," म्हटलं. "मिशी पण." त्यानं विचारलं नाही कुणासाठी. मी तात्यांसाठी बसलो होतो. माझ्या पायांनी गेलो होतो, आणि कुणीही बोट दाखवलं नव्हतं.

जळणं गेलं का? नाही. काही महिन्यांत त्याचं पीक उभं राहील, जोमदार राहील. पाणी कुणी घातलंय ते मला माहीत आहे. भांग पाडून तो रस्त्यानं जाईल आणि माझ्या पोटात पुन्हा राब पेटेल. पेटू दे. ती आग माझी आहे, ती मी सांभाळीन. पण ह्यापुढं त्याचा पंप धरणार नाही. छत्री धरणार नाही. जिथं त्याला त्रास होतो तिथं त्याच्याऐवजी बसणार नाही. ना वस्तऱ्याखाली, ना आणखी कशाखाली.

तेराव्याच्या आदल्या दिवशी त्याचा फोन आला. आवाज रोजचाच. जसं काही घडलंच नव्हतं.

"उद्या सकाळी सातला गाडी काढ. कल्याणवरनं पाहुणे आणायचेत."

"नाय येत."

त्याला खरंच कळत नव्हतं.

"मग गाडी कोण चालवणार?"

"तू चालव."