आठवड्याला एक पुडा

“काकू, हा आयटम बंद करा!”

“नाही होणार!”

“अहो, नियम तुमचाच आहे ना!”

“माहाच आहे, म्हणूनच सांगून राहिलो. नाही होणार!”

आमच्या सदर भागातल्या ऑफिसात भर दुपारी हे भांडण पेटलं होतं. समोर हर्षल, आमचा सॉफ्टवेअरवाला. मधे मेघना, मालकीण. इकडे मी. मेघनाची कंपनी सांडगे, कुरडया, पापड, तिखट, चटण्या असलं आपल्याकडचं खाणं ऑनलाइन विकते. कोणता माल किती खपेल आणि नवा कधी मागवायचा, हे ठरवायचं काम माझं. भांडण होतं जवसाच्या चटणीवरून.

ते सांगतेच. पण या ऑफिसातला एक किस्सा काढायला गेलं की मागचे चार अंगावर पडतात. माल संपतो, किस्से संपत नाहीत. आणि घरी ऐकायला कोणी नसलं की जरा जास्तच साचतात.

*

मी सातवी पास. एक्सेल शिकले मोबाइलवरचे व्हिडिओ बघून, साठी उलटल्यावर. नोकरी मागायला आले तेव्हा मेघनाने विचारलं, “रीऑर्डर लेव्हल म्हणजे काय, माहीत आहे?”

म्हटलं, “उमरेडले आमच्या घरी हातमाग होता. सूत संपल्यावर आणायले गेलं त माग थांबते, आन् माग थांबला त चूल थांबते. किती लडी उरल्या की बाजाराले निघायचं, हे मले लग्नाच्या दुसऱ्या वर्षी समजलं. त्याले इंग्रजीत काय म्हणतात ते तुम्ही सांगा!”

दुसऱ्या दिवशी माझी खुर्ची आली. हर्षलची यायला अजून महिना होता!

*

आल्या आल्या हर्षलने कॉम्प्युटरवर खपाचा अंदाज सांगणारं मॉडेल बसवलं. मॉडेल म्हणालं, महालक्ष्म्यांसाठी कुरडया-पापड अमुक तारखेला भरून ठेवा. मी रजेवर होते. या पोरांनी भरले. परत येऊन बघते तर गोदामात पाय ठेवायला जागा नाही आणि ऑर्डर एक नाही!

“काकू, मॉडेलने तीन वर्षांचा डेटा पाहिला,” हर्षल म्हणाला.

“पंचांग पाहिलं का? यंदा अधिक महिना आहे बाप्पा! महालक्ष्म्या तुह्या मॉडेलले विचारून येत नाहीत!”

तेव्हापासून त्याच्या कॉम्प्युटरमागे भिंतीवर कॅलेंडर आहे. तिथीवालं.

*

कुरडया आम्हाला उमरेडची सुमन करून देते. मागवल्यापासून माल यायला किती दिवस लागतात, त्या रकान्यात हर्षलने लिहिलं, ‘चार’. ऐन उन्हाळ्यात आठ दिवस आभाळ आलं. माल नाही. याने सुमनला तीन मेल पाठवले. तिने मला फोन केला, “काकू, हे पोरगं काय म्हणून राहिलं वं?”

मी हर्षलला म्हटलं, “चीक तयार आहे, हात तयार आहेत. ऊन नाही. चौथा मेल सूर्याले कर!”

*

एका बाईंनी एकदम पंधरा किलो तिखट मागवलं. मॉडेल खूश! पुढच्या महिन्यासाठी तिखट तिप्पट मागवा म्हणालं. मी त्या बाईंनाच फोन लावला.

“लग्न होतं का घरी?”

“हो, मुलीचं. आटोपलं सगळं.”

“दुसरी मुलगी आहे का?”

“नाही हो.”

तिखट वाढवलं नाही. शेऱ्याच्या रकान्यात कारण लिहिलं: ‘एकच मुलगी’. मेघना अजूनही नव्या पोरांना तो शेरा दाखवते.

*

पुण्याचे एक गृहस्थ दर महिन्याला सांडग्यांचे दोन पुडे मागवायचे. एका महिन्यात एकच मागवला. हर्षल म्हणाला, “पन्नास टक्के घट! गिऱ्हाईक नाराज आहे, कूपन पाठवू का?”

“थांब,” म्हटलं, आणि फोन लावला. “भाऊ, सांडगे बिघडले होते का?”

“नाही हो, चांगले होते. आता एक पुडा पुरतो.”

मी पुढे काही विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही. पण फोन दोघांनीही लगेच ठेवला नाही.

शेरा लिहिला: ‘घट नाही. हाच आकडा धरावा.’

*

दिवाळीत ऑफिस चार दिवस बंद. पण गोदामातला माल मोजायला कोणाला तरी यावं लागतं. दरवर्षी मीच हात वर करते. पॅकिंगवाली रेखा एकदा म्हणाली, “काकू, तुम्हाले सण नाही का वं?”

“पुडे मोजले नाही त दिवाळीनंतर काय विकान, फटाके?”

रेखाने सगळ्यांना सांगितलं, काकू म्हणजे शिस्तीची बाई. आहेच मी! एकटी बसून सगळा माल मोजते. एकदा मोजला तरी चालतो. मी दोनदा मोजते.

*

तर जवसाची चटणी. महिन्याला दहा पुडेही खपत नाहीत तो आयटम बंद, हा नियम मीच केलेला. कित्येक आयटम मी स्वतः बंद केले, बनवणाऱ्या बाया रडल्या तरी.

हर्षलने स्क्रीन माझ्याकडे फिरवली. “पाहा काकू. वर्षभर आठवड्याले एक पुडा. सणाले एक, पावसात एक. वाढ नाही, घट नाही. असा ग्राफ मी जन्मात पाहिला नाही! बाकीचे पुडे तारीख उलटून फेकावे लागून राहिले.”

“एक त एक. गिऱ्हाईक आहे ना?”

“तुम्हीच म्हणता ना, आयटमवर जीव लावायचा नाही!”

मेघना म्हणाली, “काकू, तुम्ही कशासाठी अशा भांडत नाही. याच्यासाठीच काहून?”

मी रॅकवरचे पुडे मोजायला लागले.

“एकच माणूस आहे,” हर्षल स्क्रीनवर बोट ठेवून म्हणाला. “नामदेवराव म्हणून कोणी आहेत, इथलेच. थांबा, त्यायलेच विचारतो, शेंगदाण्याची चालते का.” आणि त्याने ऑफिसच्या फोनवरून नंबर लावला.

माझ्या पिशवीतला मोबाइल वाजायला लागला.

वाजतच राहिला. नामदेवराव म्हणजे आमचे मालक, माझा नवरा. जाऊन सहा वर्षं झाली. त्यांचा मोबाइल मी अजून चालू ठेवला आहे.

हर्षलने हळूच फोन ठेवला. रेखाची चिकटपट्टी थांबली. मेघना खुर्ची ओढून माझ्याजवळ आली.

“काकू, चटणी पाहिजे होती तर रॅकवरून न्यायची ना! ऑर्डर कशाला करायची?”

मी पिशवीची चेन लावली आणि म्हटलं, “जवस त मी घरीच कुटतो वं पोरी, मले रविवारी दाराची बेल वाजवणारं माणूस पायजे.”