मोर, मंडप आणि रिकामी फ्रेम

आमच्या टोळीत किस्से कुणी ठरवून करत नाही. मोराचा फोटो काढायला निघायचं, मोर सोडून बाकी सगळं घडतं, आणि परतताना गाडीत तेवढीच कमाई असते! चौघं आहोत आम्ही. विष्णुपुरीचे देशमुख सर इंजिनिअरिंगला शिकवतात, प्लॅनिंग त्यांचं. औशाचा रफिकभाई मंडप डेकोरेशनवाला. नांदेडचा बालाजी, गाडी त्याची आणि अखंड चालणारं तोंडही त्याचंच. आणि मी. लातुरात माझं चष्म्याचं दुकान आहे. लोकांना लांबचं दाखवणं हा माझा धंदा, आणि मला स्वतःला धड एक मोर कॅमेऱ्यात धरता आलेला नाही.

*

कॅमेरा घेतला त्याच दिवशी मी हौसेनं एक मोठी फ्रेम आणून हॉलमध्ये टांगली. रिकामी! "यात आपला मोर येणार," असं सगळ्यांना सांगून टाकलं. मग पाहुणे यायचे, फ्रेमकडं बघायचे आणि विचारायचे, "यात काय आहे?"

"मोर आहे," बायको सांगायची, "पण लाजतोय!"

यंदा मात्र तिनं निकाल दिला. "अक्षय तृतीयेपर्यंत मोर आणा, न्हाईतर त्यात दत्ताचा फोटो बसवणार."

दत्ता म्हणजे माझा मेव्हणा. नुकताच उपसरपंच झालाय. गळ्यात हार, डोळ्यांवर काळा गॉगल, दोन बोटं वर, असा फोटो तिनं मोठा करून आणलासुद्धा! रोज जेवताना समोर दत्ता? घास उतरायचा नाही राव! मी ताबडतोब सरांना फोन लावला.

*

सर म्हणाले, "नेहमीच्या जागा बाद. यंदा नवीन जंगल." हिमायतनगरकडची वनखात्याची जमीन निवडली. आमच्यापैकी कुणीच ती पाहिलेली नव्हती. सरांनी लॅपटॉपवर सॅटेलाइटचा नकाशा उघडला. हिरवंगार रान, मधोमध निळंशार तळं.

"मोर पहाटे इथं पाणी प्यायला येणार, आपण इथं बसणार," म्हणत सरांनी इतके बाण काढले की तळं दिसेना. रीतसर परवानगी काढली आणि पाहणीला गेलो.

तळ्यात क्रिकेटची मॅच चालू होती! नकाशावरचा फोटो पावसाळ्यातला होता. फिल्डरनं आम्हाला बाउंडरीच्या बाहेर व्हायला सांगितलं.

सरांनी मोबाइल काढला, पीचवर जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "लोकेशन मात्र करेक्ट आहे."

*

मोराला दिसू नये म्हणून मी आणि सरांनी ऑनलाइन ड्रेस मागवले होते. हिरवे, पानापानांचे, टोपीसकट. जन्म गेला मराठवाड्यात, पण उन्हाळ्याच्या तोंडाला आपलं रान कसल्या रंगाचं असतं, हे आम्हाला आठवलं नाही! सागाला पान नाही, गवत वाळून पिवळं, आणि मधे आम्ही दोघं कोथिंबिरीच्या जुड्यांसारखे.

शेळ्या राखणारी एक म्हातारी लांबून सरळ आमच्याकडंच आली. "बाबांनो, मघाधरनं बघून राहिले. वाट चुकलाव का?"

"न्हाई मावशी, लपलोय."

"कुणाला?"

"मोराला."

"आत्ता गं बाई! त्यो तर आत्ताच हिथनं गेला. तुमच्याकडंच बघत बघत गेला की!"

मग तिनं आम्हाला घरी नेऊन चहा पाजला.

*

सर तोंडानं मोराचा आवाज फार छान काढतात. त्या संध्याकाळी ओढ्याकाठी बसून त्यांनी साद घातली आणि टेकडीमागून उत्तर आलं! सरांनी परत साद घातली. उत्तर जवळ आलं. मी कॅमेरा सरसावला. मनातल्या मनात दत्ताला फ्रेमबाहेर काढलं! झुडूप हललं आणि त्यातून बालाजी बाहेर आला.

"सर, गप बसा जरा! लई मोठा नर हाय इकडं. कवाधरनं बोलवून राहिलो त्याला!"

सरांनी जागच्या जागी फर्मान काढलं, "तू उद्यापासून गाडीत बसायचं."

"हाव का? गाडी माझी, आन मीच भाईर?" रात्री जेवणाचं ताट घेऊन बालाजी गाडीतच जाऊन बसला.

*

अक्षय तृतीया तोंडावर आली. आदल्या दिवशीची पहाट, शेवटचा चान्स. घरी दत्ताचा फोटो फ्रेमखाली टेकवून ठेवलेला होता. लपायचं बांधकाम रफिकभाईकडं. लग्नसराईत त्याचं सगळं कापड मांडवांना गेलेलं, उरला होता तो गुलाबी साटीन!

"रफिकभाई, अहो गुलाबी?"

"सादा होना तो शादियां होने के बाद आओ!"

त्या गुलाबी खोपटात आम्ही तिघं गुडघ्याला गुडघा लावून बसलो. समोरच्या भोकांतून तीन लेन्स बाहेर. उजाडायला लागलं आणि डोक्यावर धप्पकन काहीतरी पडलं. बांबू वाकला. तिन्ही भोकांपुढं निळं-हिरवं काहीतरी लोंबायला लागलं.

रफिकभाई घाबरून कुजबुजला, "ये झालर मैं नई लगाया जी!"

सरांनी हळूच वर बोट केलं. मोर आमच्याच डोक्यावर बसला होता! हललो तर उडणार, न हललो तर पिसांशिवाय काही दिसेना. मी आपला पिसांचे फोटो काढत सुटलो. खरं सांगतो, रडू आलं मला. मोरानं आरामात दोन-तीन आरोळ्या ठोकल्या आणि उडून गेला.

बाहेर आलो तर गाडीच्या टपावर बालाजी, हातात मोबाइल. "बघा," एवढंच म्हणाला.

गुलाबी मंडपावर मोर ऐटीत बसलेला, पिसारा खाली सोडलेला, आणि पिसाऱ्यातून तीन लेन्स डोकावतायत.

दुसऱ्या दिवशी दत्ता आमच्याकडं आमरसाला आला. फ्रेमसमोर गॉगल काढून उभा राहिला.

"दाजी, नाद खुळा फोटो! तुम्ही काढलाव?"

"न्हाई. बालाजीनं."

"मग तुम्ही कुठं होताव?"

मी वाटीत बघायला लागलो. बायकोनं रस वाढता वाढता फ्रेमवर बोट ठेवलं.

"हे काय, मोराच्या बुडाखाली!"