भातापुरती बाटली

केमोच्या वॉर्डात माझ्या शेजारच्या खुर्चीवर ती दर तीन आठवड्यांनी भेटायची. खालापूरकडची, साठीची, साजगावच्या कामगारांना डबे करून देणारी. नाव मी कधी विचारलं नाही. सलाइन लावायच्या आधी ती बांगड्या स्वतःच मागे सारून हात पुढे करायची, जणू कासारापुढेच बसलीय.

एकदा तरुण डॉक्टरीणबाई विचारत आल्या, "काही त्रास? बाहेरचं काही औषध?" मी सवयीनं "काही नाही" म्हणालो. खरं तर उलट्यांनी मी अर्धा झालो होतो. घरात भात शिजायला लागला की अंगणात जाऊन उभा राहायचो. पण चारचौघांत उलट्यांचं काय सांगायचं?

ती मात्र खणखणीत आवाजात म्हणाली, "भांग!"

सगळ्या माना वळल्या. तिनं पिशवीतून भांगेच्या थेंबांची बाटली आणि ती लिहून देणाऱ्या वैद्यांची चिठ्ठी काढून डॉक्टरीणबाईंच्या हातात दिली. "तुमच्या गोळ्यांनी वकाऱ्या थांबंनात, तवा हितल्या मोठ्या डॉक्टरांना इचारूनच चालू केलीय. आता भाताच्या वाफेवर उभी रायते."

समोरच्या बाईनं हळूच विचारलं, "म्हणजे भांगेनं कॅन्सर बरा होतो का हो?"

"नाय गं. कॅन्सरचं हे डॉक्टर बघतील. ही बाटली भातापुरती हाय."

एवढं बोलून तिनं आपला डबा उघडला, भाताचा वास घेतला आणि जेवायला लागली.

डॉक्टरीणबाई पुढच्या खुर्चीकडे निघाल्या होत्या. मी हाक मारली, "मॅडम, मलाही भात जात नाही."